डोंगरवाटेवरील डिझेल इंजिन

दोडामार्ग तालुक्यांतील काजूच्या व रबराच्या बागा बहुधा डोंगरउतारावर असतात, आणि तेथें जाणारी वाट पावसाळ्यांत दोनचार वहाळ ओलांडून जाते. अशा वाटेसाठीं जुनी डिझेल जीप घ्यावी काय, असें बागाईतदार आम्हांस वारंवार विचारतात. उत्तरापूर्वीं हें इंजिन जीपमध्यें कसें आलें तें पाहणें इष्ट होय.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. यांत ठिणगीचें काम नाहीं. नळकांड्यांतील हवा मूळ आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शापर्यंत दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. हा दाब सोसण्यास यंत्र भक्कम, अर्थात् जड करावें लागे. म्हणून प्रारंभीं तें कारखान्यांत व जहाजांवर राहिलें. १९३१ सालीं अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें तें पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरास बसविलें. ट्रॅक्टरास वजन अडचणीचें नसून जमिनीवर पकड देणारेंच असतें.

आपल्याकडे महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस विलीज जीपची जुळणी आरंभिली, त्या जीपा पेट्रोलच्या होत्या. १९६३ सालीं तिच्याच सहभागानें इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली, व तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरावरून आलेलें सुमारें २३५० घनसेंटिमीटरचें इंजिन पुढें जीपमध्यें बसलें. १९७३ नंतर पेट्रोल महागल्यामुळें त्यास गिऱ्हाईकही मिळालें. नांगराचें यंत्रच तें. धांवण्यांत मंद, परंतु कमी फेऱ्यांवर ओढ जबर. मागाहून प्यूजोच्या परवान्यानें बनविलेलें इंजिन आलें, आणि २०१० च्या थारमध्यें विजेच्या नियंत्रणानें तेल सोडणारी कॉमन रेल पद्धति.

'डिझेलला प्लग नाहीं, म्हणून पाण्याचें भय नाहीं' असें म्हणतात. तें अर्धेंच खरें. जुन्या इंजिनांत भिजून बंद पडण्याजोगी ठिणगीची यंत्रणा नसते हें खरें. परंतु पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. एका श्रावणांत आमच्याच जीपनें भर वहाळांत हवेच्या तोंडानें पाणी ओढलें. इंजिन थांबलें, आणि आम्ही अविचारानें पुन्हा स्टार्टर दाबला. कनेक्टिंग रॉड वांकला, व दुरुस्तींत त्या सालच्या काजूचें अर्धें उत्पन्न गेलें. अशा वेळीं स्टार्टरास हात न लावतां गाडी ओढून काढावी, इंजेक्टर उतरवून इंजिन हातानें फिरवावें, आंतील पाणी बाहेर पडूं द्यावें व ऑइल बदलल्यावरच तें चालू करावें.

तेव्हां जीप अवश्य घ्यावी, पण प्रथम हवेची नळी किती उंचीवर तोंड उघडते तें मोजावें; वहाळाचें पाणी त्याहून बरेंच खालीं राहत असेल तरच पुढील बोलणें करावें. मग सकाळीं, इंजिन थंड असतां, तें आपल्यासमोर चालू करावयास सांगावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेविलें असल्यास दुसरे दिवशीं पुन्हा जावें. धूर निळा व सतत येत असेल तर ऑइल जळत आहे. चालत्या इंजिनाच्या ऑइलच्या झांकणांतून वाफेसारखे झोत येत असतील तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत, आणि तो खर्च किंमतींतून वजा करून मागावा.