जुन्या डॉलरमधली चांदी

अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरला दोन किमती असतात: एक धातूची, दुसरी नाण्याची. पहिली साध्या गुणाकाराने निघते. १८७८ पासूनचा ‘मॉर्गन’ डॉलर आणि १९२१ ते १९३५ या काळात निघालेला ‘पीस’ डॉलर, दोन्हींचे मूळ वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी, बाकी तांबे. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, जुन्या मापाने दोन तोळ्यांहून किंचित जास्त. त्या दिवशीच्या भावाने तिला गुणले की झाले. हाताळून झिजलेले नाणे थोडे हलके भरते, हे मात्र लक्षात घ्यावे.

१९७१ ते १९७८ या काळातले आयसेनहॉवर डॉलर फसवे असतात. बहुतेकांत चांदी नाहीच. त्यांचे वजन २२.६८ ग्रॅम आणि कडेला तांब्याची लाल रेघ स्पष्ट दिसते. संग्राहकांसाठी काढलेल्या काही नाण्यांतच ४० टक्के चांदी आहे, आणि ती २४.५९ ग्रॅम भरतात. त्यानंतरच्या, चलनासाठी काढलेल्या छोट्या डॉलरांत चांदी शोधू नये.

नाणे अस्सल आहे का, हे पाहायला लोहचुंबक पुरत नाही. पितळही त्याला चिकटत नाही. पाण्यात बुडवून तोलणे अधिक भरवशाचे. अस्सल मॉर्गन पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने हलका भरतो. तेवढ्याच वजनाचे पितळी नाणे तीन ग्रॅमहून अधिक.

नाण्याची किंमत ठरते ती साल, टाकसाळ आणि स्थिती यांवर. मॉर्गनच्या मागच्या बाजूला, पुष्पचक्राखाली टाकसाळीची खूण असते: सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस’, न्यू ऑर्लीन्सची ‘ओ’, कार्सन सिटीची ‘सीसी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूणच नसते. १८९३ चे ‘एस’ खुणेचे डॉलर फक्त एक लाख निघाले, म्हणून ते फार महाग. आणि म्हणूनच साध्या नाण्यावर खोटा ‘एस’ चिकटवणारेही निघाले.

पण किती नाणी पाडली या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने विकत घेतली, कारण महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात रुपये पाडायला चांदी कमी पडत होती. कोणत्या सालाचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. उलटही घडले. १९०३ चा न्यू ऑर्लीन्सचा डॉलर अतिदुर्मीळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी खजिन्यातून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

स्थिती १ ते ७० या श्रेणीत मोजतात. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. वरच्या श्रेणीत एकेका गुणाने किंमत कित्येक पट होऊ शकते. चिंच किंवा पावडर लावून नाणे लखलखीत करणे हा सर्वांत महागडा उद्योग: चांदी तेवढीच राहते, पण घासल्याच्या बारीक रेघा जाणकाराला भिंगाखाली लगेच दिसतात आणि संग्राहकाचा भाव उतरतो.