होडीचं पेट्रोल इंजिन आणि ई-२० : डब्यात पाणी शिरू देऊ नका



चुळकीनाला असो की कारंजा जलाशय, ज्यांच्या होडीला पेट्रोलचं इंजिन आहे त्यांनी हे वाचा आणि घरात जो डबा भरतो त्यालाही वाचून दाखवा. डिझेल इंजिनवाल्यांना हे लागू नाही.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यालाच ई-२० म्हणतात. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत ई-२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं. इथेनॉल उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांपासून बनतं. गाडी रोज चालते, टाकी रिकामी होते, म्हणून तिथे फारसं जाणवत नाही. होडीचं तसं नाही. ती पाण्यावर असते आणि पावसाळ्यात कित्येक दिवस उभी राहते.

खरा धोका कुठे आहे?
इथेनॉल पाणी ओढून घेतं. झाकण सैल असलं की दमट हवेतूनसुद्धा. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जातं. पण ते जास्त झालं, किंवा रात्री गारठा पडला, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं आणि पेट्रोल वर राहतं. इंजिनाची नळी तळातूनच ओढते.

टू-स्ट्रोक इंजिनात हे जास्त महागात पडतं. आपण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, तळाच्या पाण्यात नाही. मग पिस्टनला ऑइल मिळत नाही आणि इंजिन जाम होतं. तेही भर जलाशयात, जाळं पाण्यात असताना.

असं फुटलेलं पेट्रोल हलवून किंवा त्यात नवीन टाकून नीट होत नाही. वरचं काढून घेतलं तरी त्याची ताकद कमी झालेली असते.

आम्ही सांगतो ते करा
• भरण्याआधी थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. गढूळ दिसलं किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर वापरू नका. जलाशयात तर अजिबात ओतू नका, मासे आपलेच आहेत.
• दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल आणा. डबा घट्ट झाकणाचा असू द्या, सावलीत आणि चुलीपासून लांब ठेवा. पत्र्याचा डबा आतून गंजतो.
• होडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इंजिन पाण्यात असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. कोरडं इंजिन चालवू नका.
• जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, चिरतात. हात लावून तपासा, बदलताना इथेनॉल चालणाऱ्याच घ्या. टाकीतला जुना चिकट मळही सुटतो, म्हणून फिल्टर वरचेवर पाहा.
• एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ताकद असते. म्हणून लांब जाताना १० लिटरमागे अर्धा-पाऊण लिटर जादा घ्या.

एक नळी शंभर-दोनशे रुपयांत येते, पिस्टनचं काम हजारोंत जातं. या पावसाळ्याआधी आपला डबा उघडून बघा.