ब्रेन ट्यूमर आणि घरची माणसं : ऐकीव काय, खरं काय

घरात कुणाला ब्रेन ट्यूमर निघाला की पहिल्या आठवड्यात रिपोर्टपेक्षा सल्लेच जास्त जमा होतात. भेटायला येणारा प्रत्येक जण कुणाची तरी हकिगत सांगून जातो. माणसं मायेनंच बोलतात, पण त्यातलं बरंचसं चुकीचं असतं आणि घरातले निर्णय त्यावरच होतात. रुग्णाला घरच्यांचा आधार हवा, हे सगळेच म्हणतात. पण त्या आधाराला नेमक्या माहितीची जोड नसेल, तर रुग्णाच्या वाट्याला नुसती काळजी येते, मदत येत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ट्यूमर म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे सगळं संपलं. जागतिक आरोग्य संघटना मेंदूतल्या गाठींची १ ते ४ अशा ग्रेडमध्ये विभागणी करते. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिन्जिओमा ही गाठ मूळ मेंदूच्या गाठींमध्ये सर्वाधिक आढळते आणि ती बहुतेक वेळा ग्रेड १ ची, साधी असते. ती लहान असेल आणि त्रास देत नसेल, तर ठरावीक काळानं एमआरआय करून तिच्यावर फक्त लक्ष ठेवलं जातं. दुसऱ्या टोकाला ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४. तो पूर्ण बरा होईल असं सांगणं खोटं ठरेल. पण शस्त्रक्रिया, साधारण सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल यांनी आयुष्य वाढतं, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं दाखवून दिलं. कवटीत जागा मोजकी, त्यामुळे साधी गाठसुद्धा नाजूक जागी असेल तर धोक्याची ठरते. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : प्रकार कोणता, ग्रेड कोणती आणि गाठ नेमकी कुठे आहे.

‘सुरी लागली की गाठ पसरते’ या भीतीपायी बायोप्सी पुढे ढकलली जाते. बायोप्सीनं साधी गाठ कॅन्सरची होत नाही. उलट बहुतेक वेळा तिच्याशिवाय उपचारांची दिशाच ठरत नाही. मोबाइलबद्दल म्हणाल, तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. हा आजार संसर्गजन्य नाही, बहुतांश वेळा आनुवंशिकही नाही. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठत नाही. नातवंडांना खुशाल मांडीवर बसू द्यावं.

घरच्यांना सगळ्यात जड जातो तो बदललेला स्वभाव. शांत माणूस ताटावरून उठून जातो, हौशी बाई दिवसभर गप्प बसते. मग ‘हल्ली मुद्दाम करतात’ असं कुणीतरी म्हणतं, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून धावाधाव सुरू होते. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ राग, उत्साह, तारतम्य या सगळ्यावर परिणाम करू शकते. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोननं भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते, साखरही चढते. तरी ही गोळी आपल्या मनानं एकाएकी बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टर ती हळूहळूच कमी करतात. रात्री किती झोप झाली, कधी चिडचिड झाली, हे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं तर पुढच्या भेटीत औषध बदलायला त्याचा उपयोग होतो.

उजव्या मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ असेल तर काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. दृष्टी शाबूत असते, पण ती बाजू मनात नोंदलीच जात नाही. ताटात उजवीकडची भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते. घरच्यांना वाटतं, तोंडाला चव नाही. ताट अर्धं फिरवून ठेवलं की तीच कोशिंबीर खाल्ली जाते. रुग्णाला ‘नीट बघा ना’ म्हणून ओरडण्यापेक्षा हे एवढं कळणं कितीतरी मोलाचं.

‘त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर’ ही विनवणीही मायेतूनच येते. फाइल लपवली जाते, ‘डोक्यात थोडी सूज आहे’ असं सांगितलं जातं. रेडिएशनच्या रांगेत बसल्यावर आजूबाजूच्या बोलण्यातून कळायचं ते कळतंच. मग आपल्याच माणसांनी आपल्यापासून लपवलं, हे दुःख आजाराच्या जोडीला येतं. या आजारात पुढे बोलणं, विचार करणं मंदावू शकतं. बँक, सह्या, पुढचे उपचार किती आणि कुठे, मनातल्या इच्छा, हे सगळं त्यांना स्वतः बोलता येतं तेव्हाच बोलून घ्यायला हवं. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. किती ऐकायचं आहे, हे त्यांनाच विचारावं.

आकडी आली की कांदा, चप्पल हुंगवणं किंवा दातांत चमचा घालणं अजूनही चालतं. चमच्यानं दात मोडतात, श्वास अडतो. रुग्णाला कुशीवर वळवावं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर लगेच हॉस्पिटल गाठावं.

राहिली गोष्ट सेवा करणाऱ्याची. ‘घरचं माणूस आहे, थकून कसं चालेल?’ असं गृहीत धरलं जातं आणि बहुधा एकाच बाईच्या अंगावर सगळं पडतं. जागरणानं थकलेल्या माणसाच्या हातून गोळ्यांच्या वेळा चुकतात, शब्दही वाकडे जातात. कामं वाटायलाच हवीत. एकानं कागदपत्रांचं बघावं : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून आणखी काय मदत मिळते. आणि ‘काही लागलं तर सांगा’ असं कुणी म्हणालं, की संकोच न करता तिथल्या तिथे काम सांगावं : गुरुवारी रेडिएशनला तुम्ही घेऊन जा, या आठवड्यात मुलांचा डबा तुमच्याकडून येऊ द्या, रविवारी दुपारी दोन तास यांच्याजवळ बसा, तेवढ्यात मी झोपते.