करवंदाच्या जाळीतील वैविध्य

फळझाडांच्या सुधारणेचा विषय निघाला की आंबा, केळी, द्राक्ष, संत्रे ही नावे प्रथम मनात येतात. या झाडांकडे माणसाने शतकानुशतके लक्ष पुरविले आहे. त्यांच्या वाणांना नावे आहेत, त्यांची कलमे होतात, त्यांना बाजारपेठा आहेत. परंतु आपल्या देशातील डोंगरउतारांवर, माळांवर आणि विरळ जंगलांत फळझाडांचा आणखी एक मोठा समुदाय आढळतो. करवंद, फालसा, तोरण, अळू, रानबोर ही त्यांतील काही परिचित नावे. रानातील या झुडपांना कोणी पाणी घालीत नाही की खत देत नाही. तरीही दर वर्षी आपापल्या ऋतूत ती फळतात आणि डोंगरकपारीत राहणाऱ्या कुटुंबांना अन्न व थोडेफार रोख उत्पन्न मिळवून देतात.

या झुडपांची संपत्ती त्यांच्या फळांत आहे, हे सर्वांना दिसते. त्यांच्या परस्परांतील भेदांत ती त्याहूनही अधिक आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. एकाच डोंगरावरील दोन जाळ्यांची फळे आकाराने, रंगाने, चवीने निराळी असतात. हा निराळेपणा म्हणजे नव्या वाणांचा कच्चा माल होय. तो कशामुळे निर्माण होतो, तो कसा मोजावा आणि कसा राखावा, या प्रश्नांचा विचार करवंदाच्या उदाहरणाने करता येईल.

एक जाती, अनेक रूपे

करवंद हे कण्हेर, चाफा आणि सदाफुली यांच्या कुळातील काटेरी झुडूप आहे. त्याची पाने समोरासमोर येतात, फुले पांढरी व सुवासिक असतात, आणि फांदी मोडल्यास किंवा कच्चे फळ तोडल्यास दुधासारखा चिकट चीक स्रवतो. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत आणि बंगालपासून दक्षिणेतील कोरड्या टेकड्यांपर्यंत ते पसरलेले आहे. संस्कृतात त्याला करमर्द व कृष्णपाकफल, हिंदीत करौंदा, बंगालीत करमचा, गुजरातीत करमदा आणि तेलुगूत वाक्काय म्हणतात. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी या फळाचा उल्लेख केला आहे. पुढे १७६७ मध्ये लिनीयस यांनी त्याला ‘कॅरिसा कॅरंडस’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसरा शब्द भारतीय लोकनामावरूनच आलेला आहे.

इतक्या विस्तृत प्रदेशात पसरलेली वनस्पती सर्वत्र एकसारखी असणे शक्य नाही. काही झुडपे कमरेएवढी राहतात, तर काही आधार मिळताच शेजारच्या झाडावर चढतात. काट्यांची लांबी वेगवेगळी असते. ते काही ठिकाणी सरळ, तर काही ठिकाणी टोकाशी दुभागलेले दिसतात. फळ गोल असते किंवा लांबट असते. कच्चेपणी ते पूर्ण हिरवे असते, किंवा हिरवट-पांढऱ्या सालीवर गुलाबी छटा असते. पिकल्यावर बहुतेक रानटी करवंदे काळी-जांभळी होतात. काहींचा रंग लाल-तपकिरीवरच थांबतो. गर आणि बी यांचे प्रमाण, बियांची संख्या, आंबटपणा, गोडी, चिकाचे प्रमाण, फळ पिकण्याचा काळ या सर्व बाबतींत झुडपागणिक फरक आढळतो.

हे भेद प्रथम शास्त्रज्ञांनी शोधले असे मानणे योग्य होणार नाही. महाराष्ट्रातील मुले पिकलेले करवंद दाताने तोडण्यापूर्वी एकमेकांना ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारतात. गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी. खेळ म्हणून केलेली ही पारख वस्तुतः गराच्या रंगातील भिन्नतेचीच असते. करवंदे गोळा करून पानांच्या द्रोणांतून विकणाऱ्या स्त्रियांना तर कोणती जाळी आधी पिकते, कोणत्या जाळीचे फळ गोड असते आणि कोणते केवळ लोणच्याला बरे, हे नेमके ठाऊक असते.

भेद येतात कोठून?

करवंदाची फुले कीटकांना आकर्षित करतात आणि कीटक एका झुडपाचे पराग दुसऱ्यावर नेतात. फळे पक्षी व वन्य पशू खातात आणि बिया दूरवर टाकतात. त्यामुळे बीजापासून उगवलेले रोप आपल्या मातृझुडपाशी तंतोतंत जुळत नाही. दोन झुडपांतील जनुकांची नवी मांडणी त्यात झालेली असते. कलमाने वाढविलेल्या आंब्याच्या बागेत शंभर झाडे एकाच झाडाची प्रतिरूपे असू शकतात. रानातील शंभर करवंदी ही मात्र शंभर स्वतंत्र झाडे असतात.

तथापि डोळ्यांना दिसणारा प्रत्येक भेद आनुवंशिक असतो असे नाही. कातळावरील मुरमाड जमिनीत वाढलेल्या झुडपाची फळे लहान राहतात. ओढ्याकाठच्या खोल मातीत तेच झुडूप मोठी फळे देऊ शकते. म्हणून वनस्पतीचे बाह्यरूप आणि तिची जनुकीय घडण यांत भेद करावा लागतो. बाह्यरूप हे जनुकीय घडण आणि परिस्थिती या दोहोंच्या संयोगाने ठरते. स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ ट्युरेसन यांनी निरनिराळ्या परिसरांतील एकाच जातीची झाडे एका बागेत शेजारी शेजारी वाढविली आणि त्यांतील कित्येक भेद परिसर बदलूनही कायम राहतात हे १९२२ मध्ये दाखवून दिले. तीच कसोटी येथेही लावावी लागते. समजा, एका जाळीतील फळाचे सरासरी वजन २ ग्रॅम आणि दुसरीतील ३ ग्रॅम भरले. दोन्ही झुडपांची गुटी कलमे एकाच शेतात, सारख्याच निगराणीत वाढवून काही वर्षे फळे तोलली आणि हा फरक टिकून राहिला, तरच तो झुडपाचा स्वतःचा गुण मानता येतो. टिकला नाही, तर तो मातीचा गुण होता असे समजावे.

मोजमापाची पद्धती

अशा अभ्यासाचा आरंभ रानातील नोंदींपासून होतो. निवडलेल्या प्रत्येक झुडपाला क्रमांक देऊन त्याचे स्थान, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीचा प्रकार लिहून ठेवतात. झुडपाची उंची व विस्तार, पानांची लांबी-रुंदी, काट्यांचे स्वरूप आणि फुलण्याचा काळ यांची नोंद करतात. प्रत्येक झुडपावरून ठरावीक संख्येने पक्व फळे घेऊन त्यांची लांबी, व्यास व वजन मोजतात. बिया वेगळ्या करून गराचे प्रमाण काढतात. रसातील विद्राव्य घन पदार्थ अपवर्तनमापकाने आणि आम्लता रासायनिक परीक्षणाने ठरवितात. फळे सर्व झुडपांवरून सारख्याच पक्वतेची घेणे आवश्यक असते, कारण करवंदाची चव पिकण्याच्या अखेरच्या दिवसांत झपाट्याने बदलते.

या आकड्यांवरून केवळ सरासरी काढणे पुरेसे होत नाही. सरासरीभोवती आकडे किती दूरवर विखुरले आहेत, ही माहिती अधिक मोलाची असते. प्रमाण विचलनाला सरासरीने भागले असता जो गुणांक मिळतो, त्यावरून निरनिराळ्या लक्षणांतील विविधतेची तुलना करता येते. ज्या लक्षणात विविधता पुष्कळ आहे आणि तिचा मोठा भाग आनुवंशिक आहे, त्या लक्षणात निवडीने सुधारणा लवकर होते. सर्वच झुडपे जवळजवळ सारखी असतील, तर निवडणार तरी काय?

एका लक्षणाचे दुसऱ्याशी असलेले नातेही तपासावे लागते. मोठे फळ हवे म्हणून निवड केली आणि त्याबरोबर बियाही वाढल्या, तर लाभ थोडाच होतो. मोठे फळ, थोड्या बिया आणि भरपूर गर हे गुण एकाच झुडपात एकत्र आढळणे ही विरळ गोष्ट असते. म्हणूनच पाच-दहा झुडपे पाहून भागत नाही. शेकडो पाहावी लागतात.

निवड आणि तिची मर्यादा

आपल्या देशात करवंदाच्या निवडीचे काम काही संस्थांनी केले आहे. दापोली येथील कृषी विद्यापीठाचा ‘कोकण बोल्ड’ हा वाण मोठ्या फळांसाठी ओळखला जातो. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ असे तीन वाण दिले. त्यांपैकी पहिल्या दोन वाणांच्या पांढरट फळावर गुलाबी छटा असते, तर तिसऱ्याच्या हिरव्या फळावर तपकिरी छटा असते. एकाच जातीतून असे निरनिराळे वाण निघावेत याचे कारण लोकांच्या गरजाही निरनिराळ्या आहेत. कोकणात पिकलेले काळे फळ आवडीने खातात. आंध्र प्रदेशात हिरवे आंबट फळ वरणात घालतात. उत्तरेत लोणचे व मुरांबा होतो, आणि साखरेत मुरवून लाल रंग दिलेली करवंदे चेरीच्या जागी वापरली जातात. जेलीसाठी आम्लता व पेक्टिन हवे, ताज्या फळासाठी गोडी हवी आणि कुंपणासाठी काटे हवेत. सर्वांत उत्तम असे एकच करवंद असू शकत नाही.

येथेच एक धोका उद्भवतो. एखादा वाण चांगला ठरला की त्याची कलमे सर्वत्र लावली जातात आणि रानातील उरलेली झुडपे निरुपयोगी वाटू लागतात. निवड करणाऱ्याची दृष्टी आजच्या गरजेपुरती असते. उद्याची गरज कोणती असेल, हे त्याला ठाऊक नसते. भातशेतीच्या इतिहासातील एक घटना या संदर्भात उद्बोधक आहे. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भातावर एका विषाणूजन्य खुजेपणाच्या रोगाचे संकट आले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले, तेव्हा उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात प्रतिकारशक्ती आढळली. ते दाणे आपोआप गळून पडणारे, शेतकऱ्याच्या दृष्टीने कुचकामी गवत होते. परंतु त्याचाच गुण पुढे आशियातील कोट्यवधी एकर भातशेतीत उतरला.

करवंदाच्या बाबतीतही असे घडू शकेल. आंबट, लहान फळांच्या एखाद्या काटेरी जाळीत अवर्षण सोसण्याची किंवा किडीला दाद न देण्याची शक्ती असू शकते. फळ मोजून ती दिसत नाही. जे मोजले नाही ते नाहीच, असे समजून ती जाळी तोडली गेली, तर तो गुण पुन्हा निर्माण करण्याचा उपाय आपल्यापाशी नाही.

जतनाचे मार्ग

या जाळ्या आज अनेक कारणांनी नाहीशा होत आहेत. कुंपणासाठी व सरपणासाठी त्या तोडल्या जातात, वणव्यांत होरपळतात, रस्ते, दगडखाणी आणि नव्या फळबागा यांच्यासाठी उतारच्या उतार यंत्रांनी साफ केले जातात. करवंद ही जाती म्हणून इतक्यात नष्ट होईल असे नाही. परंतु जाती टिकूनही तिच्यातील विविधता घटू शकते, आणि ही घट कोणाच्या लक्षात येत नाही.

जतनाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे निवडक झुडपे त्यांच्या स्थानावरून क्षेत्रीय जननद्रव्य संग्रहात आणून वाढविणे. करवंदाच्या बिया साठवणीत उगवणक्षमता लवकर गमावतात. शिवाय झुडपाचे गुण जसेच्या तसे राखायचे तर बीजापेक्षा कलमच उपयोगी पडते. म्हणून धान्याप्रमाणे केवळ बिया शीतगृहात ठेवून येथे भागत नाही. जिवंत झुडपे सांभाळावी लागतात. देशातील पिकांच्या व त्यांच्या रानटी आप्तांच्या संग्रहाचे काम राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था पाहते.

दुसरा मार्ग म्हणजे झुडपांना त्यांच्या मूळ ठिकाणीच राहू देणे. संग्रहातील झुडूप सुरक्षित असते, पण ते जेथल्या तेथे थांबलेले असते. रानात मात्र परागण, बीजप्रसार आणि निसर्गाची निवड चालूच राहते व नवी रूपे उत्पन्न होतात. देवराया, गायरानांच्या कडा आणि शेतांचे जुने बांध ही अशा जतनाची नैसर्गिक स्थाने आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी समित्या स्थापन करण्याची आणि स्थानिक जैवविविधतेची नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. अशा नोंदवहीत ‘करवंद’ एवढाच शब्द लिहिणे पुरेसे नाही. कोणत्या उतारावरील जाळी आधी पिकते, कोणत्या जाळीचा गर लाल आहे, कोठले फळ पाऊस लागल्यावरही टिकते, या गोष्टी ज्या स्त्री-पुरुषांना माहीत आहेत, त्यांच्याकडून त्या लिहून घ्यावयास हव्यात. एखाद्या जाळीपासून वाण तयार झाला, तर त्याच्या लाभात त्यांचाही वाटा असावा, हे तत्त्व त्याच कायद्यात मान्य केलेले आहे.

मोजणी करणारा संशोधक एका हंगामात काहीशे झुडपे पाहू शकतो. गावकरी ती वर्षानुवर्षे पाहत आलेले असतात. दोहोंच्या नोंदी एकत्र आल्या, तर कोणत्या जाळीचे कलम घ्यावे हे ठरविता येईल, आणि ज्यांचे कलम घेतले जाणार नाही अशा जाळ्याही जागच्या जागी का राखावयाच्या, हे त्या डोंगरावर कुऱ्हाड किंवा यंत्र पोहोचण्यापूर्वी सांगता येईल.