दोन मीटर धाग्याची डागडुजी

चारकोपच्या सेक्टरमधल्या गल्लीत क्रिकेट खेळताना गुडघा फुटला, तर लगेच कळतं. पण आत्ता, हे वाचतानाच, तुमच्या पेशींमध्ये काहीतरी तुटतंय, ते कळलं का? नाही ना! घाबरू नका, ते जोडलंही जातंय.

जवळपास प्रत्येक पेशीच्या इवल्याशा केंद्रकात जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनए कोंबलेला असतो. ऊन, क्ष-किरण, शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हा तयार होणारे उपद्रवी रेणू, सगळे त्याला ओरबाडतात. एकेका पेशीत दिवसाला हजारो ओरखडे! ते बुजवणारी प्रथिनं सतत राबत असतात. ही दुरुस्ती कशी चालते, हे उलगडणाऱ्या टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सँजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकदम तुटल्या, की मात्र मोठं संकट. तेव्हा धावून येतं एटीएम नावाचं प्रथिन. (पैसे देणारं नव्हे हं!) पाइप फुटलेला दिसताच शिट्टी फुंकणारा, पाणी बंद करायला लावणारा, प्लंबरला बोलावणारा सोसायटीचा वॉचमन असतो ना, तसंच ते. पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्तीवाल्यांना हाक मारतं.

त्याचं जनुक १९९५ मध्ये सापडलं. आई आणि बाबा, दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर बाळाला अ‍ॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया होतो. (जिभेला गाठ पडली?) आईबाबांकडे एकेक चांगली प्रत असते, म्हणून त्यांना हा आजार नसतो. बाळ चालायला लागतं, पण पुढे तोल जाऊ लागतो. काही वर्षांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल रेघा दिसतात. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत असतात.

मेंदूच का? त्याचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के, म्हणजे ते उपद्रवी रेणूही आलेच. शिवाय त्वचेच्या पेशी गेल्या तर नव्या येतात. मेंदूतल्या चेतापेशींचं तसं नसतं. त्यातही लहान मेंदूलाच एवढा फटका का बसतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. मला तर हाच भाग सगळ्यांत भारी वाटतो!

मग हा आजार ओळखतात कुठे? चारकोपहून कांदिवली स्टेशन, तिथून लोकलने प्रभादेवी, मग चालत परळचं केईएम रुग्णालय. त्याच आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. जन्मजात कमकुवत प्रतिकारशक्तीचे आजार तिथे रक्त तपासून ओळखतात, आणि हा आजार त्यांतलाच एक. तो पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, पण निदान लवकर झालेलं बरं. कारण क्ष-किरणांनी तुटलेला डीएनए या मुलांना नीट जोडता येत नाही. म्हणून त्यांचा एक्स-रे अगदी गरज असेल तरच काढतात.