उकिरडा, बेवड आणि अन्नद्रव्यांचे चक्र

ए. जी. टॅन्स्ली ह्यांनी १९३५ मध्ये परिसंस्था ही संकल्पना मांडली आणि रेमंड लिंडमन ह्यांच्या १९४२ च्या निबंधाने तिला ऊर्जेच्या हिशेबाची जोड दिली. तेव्हापासून ह्या शास्त्रात एक भेद मूलभूत मानला जातो. ऊर्जेचा प्रवास एकेरी आहे. वनस्पतीने सूर्यप्रकाशातून साठविलेली ऊर्जा प्रत्येक पायरीवर उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते व परत येत नाही. नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्ये मात्र नष्ट होत नाहीत. ती केवळ स्थान बदलतात.

धाराशिव जिल्ह्यातील रब्बी ज्वारीचे शेत हे ह्या भेदाचे उत्तम उदाहरण होय. दाणा माणसाचा, कडबा जनावराचा. कडब्यातील ऊर्जा बैलाच्या श्रमात व देहाच्या उष्णतेत संपते; त्यातील अन्नद्रव्यांचा मोठा भाग शेणामुताच्या रूपाने उकिरड्यावर येतो आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा शेतात पडतो. अर्थात हे चक्र कधीच पूर्णतः बंद नव्हते. गोवरी जळली की तिच्यातील नत्र हवेत जातो. स्फुरद व पालाश राखेत उरतात. उलटपक्षी, गायरानात चरलेली जनावरे गोठ्यात शेण टाकतात किंवा धनगराच्या मेंढ्या शेतात बसविल्या जातात, तेव्हा शेताची सुपीकता गायरानाच्या खर्चाने वाढते.

शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘बेवड’ हा शब्द ह्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. आधीच्या पिकाने जमीन पुढील पिकासाठी कोणत्या स्थितीत सोडली, ह्याचा तो निर्देश करतो. मूग-उडदाचा बेवड चांगला मानतात, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात.

आता खरिपात सोयाबीन हे जिल्ह्याचे प्रमुख पीक झाले आहे. तेही द्विदल, म्हणून त्याचा बेवड चांगलाच असणार, असे अनुमान सहज निघते. परंतु एक क्विंटल सोयाबीनमध्ये सुमारे ६ किलो नत्र आणि मूलद्रव्यरूपाने मोजल्यास सुमारे अर्धा किलो स्फुरद असतो, व तो दाण्याबरोबर बाजारात जातो. नत्राचा मोठा भाग हवेतून भरून निघतो; स्फुरदाला असा मार्ग नाही. ह्याच्या उलट साखर ही कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांचीच बनलेली असते. साखरेच्या पोत्यातून ऊर्जा बाहेर जाते, अन्नद्रव्ये जवळजवळ जात नाहीत. ती पाचटात, वाढ्यात व कारखान्याच्या मळीत उरतात. ती शेतात परत येतात की नाही, हा वेगळा प्रश्न.

तात्पर्य, पीक द्विदल आहे की एकदल, एवढ्यावरून बेवडाची परीक्षा होत नाही. बांधाबाहेर कोणते द्रव्य गेले आणि कोणत्या वाटेने परतले, ह्याचा जमाखर्च मांडावा लागतो. गोठ्यातील जनावरे घटली म्हणजे परतीची सर्वांत जुनी वाट अरुंद होते. मग गेलेला स्फुरद खताच्या पोत्यातून आणावा लागतो, अन्यथा जमिनीच्या साठ्यातून तो वजा होत राहतो.