पीक-अवशेषांवर पोसलेल्या जनावरांचे खनिज पोषण : वऱ्हाडातील स्थिती

प्रस्तावना :

वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाच्या अर्थकारणात दुभत्या जनावराला महत्त्वाचे स्थान आहे. कपाशी किंवा सोयाबीनचे उत्पन्न वर्षातून एकदा हाती येते, तर दुधाचे उत्पन्न रोजचे असते. मात्र अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बहुसंख्य जनावरे हिरव्या चाऱ्यावर नव्हे, तर ज्वारीचा कडबा, तूर-हरभऱ्याचे कुटार, गव्हांडा व सोयाबीनचे कुटार यांवर वाढतात. अशा जनावराचे पोट भरते, पण ते वेळेवर माजावर येत नाही, दूध कमी देते, हाडे व चिंध्या चघळते. या लक्षणांची कारणे अनेक असू शकतात. त्यांपैकी खनिजांचा असमतोल हे एक प्रमुख कारण होय. त्याची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चाऱ्यातील बदल :

१९९० नंतर या भागात सोयाबीनखालील क्षेत्र झपाट्याने वाढले व ज्वारीचे घटले. परिणामी कडब्याची जागा मोठ्या प्रमाणात कुटाराने घेतली. सोयाबीनची पाने पीक पक्व होताना गळून जातात. त्यामुळे मळणीनंतर उरते ते मुख्यतः खोड व शेंगांचे टरफल. म्हणजे चारा बदलला, आणि त्याबरोबर जनावराला मिळणाऱ्या खनिजांचे प्रमाणही बदलले.

फॉस्फरस दाण्याबरोबर जातो :

दाणा भरण्याच्या काळात वनस्पती पाने व खोडातील फॉस्फरस दाण्याकडे वाहून नेते. कॅल्शियम मात्र जुन्या पेशींमध्येच स्थिर राहते. म्हणून कोणत्याही पक्व पिकाच्या अवशेषात फॉस्फरस कमी आढळतो. ढोबळमानाने कडब्यात कॅल्शियम ०.४ टक्के व फॉस्फरस ०.१ टक्का असतो. सोयाबीनच्या कुटारात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास, तर फॉस्फरस तेवढाच अल्प असतो. दाणा बाजारात विकला जातो आणि त्याबरोबर फॉस्फरसही गोठ्याबाहेर जातो.

एक उदाहरण पाहू. ४०० किलो वजनाच्या व रोज ५ लीटर दूध देणाऱ्या गाईस प्रचलित पोषणमानानुसार सुमारे ३२ ग्रॅम कॅल्शियम व २१ ग्रॅम फॉस्फरस लागतो. तिला ४ किलो कडबा व ४ किलो कुटार दिल्यास सुमारे ५६ ग्रॅम कॅल्शियम, पण केवळ ८ ग्रॅम फॉस्फरस मिळतो. कॅल्शियम व फॉस्फरस यांचे इष्ट प्रमाण १:१ ते २:१ मानले जाते. येथे ते ७:१ होते. अशा गाईला केवळ कॅल्शियमचे औषध पाजल्याने उणीव भरून निघत नाही, उलट असमतोल वाढतो. (विल्यानंतर येणारा दुग्धज्वर हा वेगळा आजार असून त्यात पशुवैद्यकाकडून कॅल्शियम देणे आवश्यकच असते.)

फॉस्फरसची गरज केवळ हाडांना नसते. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना तंतुमय चारा पचविण्यासाठी तो लागतो. तो कमी पडला की पचन मंदावते व जनावर चाराही कमी खाते. दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या सुमारास आर्नोल्ड थायलर यांनी दाखवून दिले की, फॉस्फरसच्या अभावामुळे गुरे मृत जनावरांची हाडे चघळत व त्यांतील विषाने दगावत. आपल्याकडील हाडे चघळणाऱ्या गाईकडे केवळ खोड म्हणून पाहणे त्यामुळेच योग्य नव्हे.

काळी जमीन व खारपाणपट्टा :

येथील काळी जमीन चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असल्याने पिकांना जस्त कमी उपलब्ध होते. ती उणीव चाऱ्यातही उतरते. विम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनमचे शोषण वाढू शकते. चाऱ्यातील मॉलिब्डेनम व गंधक एकत्र आल्यास कोठीपोटात तांबे बांधले जाते व शरीरास मिळत नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच क्षारयुक्त आहे. पूर्णाथडी म्हशीच्या या प्रदेशात मीठयुक्त मिश्रण देण्यापूर्वी पाण्याचे परीक्षण करून घेणे श्रेयस्कर ठरते.

उपाय :

निसर्गानेच उपायाची सोय ठेवली आहे. सरकीतून तेल निघून जाते, परंतु फॉस्फरस ढेपेत राहतो. तो बहुतांशी फायटेट स्वरूपात असला तरी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव तो मोकळा करू शकतात. वरील गाईस १ किलो सरकी ढेप (सुमारे ७ ग्रॅम फॉस्फरस) व अर्धा किलो गव्हाचा कोंडा (सुमारे ५ ग्रॅम) दिल्यास एकूण फॉस्फरस २० ग्रॅमपर्यंत पोहोचतो. त्यास रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रणाची जोड दिल्यास आणखी ६ ग्रॅम फॉस्फरस मिळतो, शिवाय जस्त व तांबेही मिळते. मिश्रण विकत घेताना पिशवीवरील फॉस्फरसचे प्रमाण अवश्य वाचावे. मीठविरहित मिश्रणात ते १२ टक्के असणे अपेक्षित आहे.

समारोप :

वऱ्हाडात पीकपद्धती बदलली, तरी गोठ्यातील आहाराचा विचार मात्र जुन्याच हिशेबाने होतो. पशुविज्ञान, मृदाशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही विषयांचा हा समान प्रश्न आहे. अकोल्यात कृषी विद्यापीठ व स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था दोन्ही आहेत. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी गावोगावी चारा, माती व पाणी यांचे नमुने गोळा करून या संस्थांच्या साहाय्याने तपासल्यास गावनिहाय आहार-सल्ला देणे शक्य होईल. ढेप विकत घेणे न परवडणाऱ्या शेतकऱ्यास नेमके काय व किती द्यावे, हे त्यातूनच सांगता येईल.